रानबोरीची फांदी

मंगळवारी सकाळी किनिसिले आणि तिची आई डर्बनच्या मत्स्यालयापाशी रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा पुढंमागं शाळेची मुलं होती आणि ऊन चांगलंच तापलं होतं. आईच्या हातात रानबोरीची काटेरी फांदी होती. दारावरच्या पहारेकऱ्यानं ती पाहिली आणि टोपी काढली. त्याला काही सांगावं लागलं नाही. माणूस जिथं मेला तिथून त्याला या फांदीवर बसवून घरी आणायचं असतं, आणि घर येईस्तोवर फांदी धरणाऱ्यानं त्याच्याखेरीज कुणाशीच बोलायचं नसतं.

तीन वर्षांपूर्वी किनिसिलेचा भाऊ मफानुफिकिले खडकावर गळ टाकायला गेला होता. लाटेनं त्याला ओढून नेलं. चोवीस वर्षांचं पोर; प्रेतही हाती लागलं नाही. आईनं दोनदा त्या खडकांवर जाऊन हाका मारल्या. दोन्ही वेळा फांदी हलकीच राहिली, तिच्यावर कुणी बसलं नाही. मग तिला स्वप्न पडू लागलं, की पोरगा काचेमागं उभा आहे आणि लोक त्याला बघताहेत. त्याच खडकांजवळ धरलेला एक शार्क मत्स्यालयात ठेवलाय, असं शेजारीण सहज बोलून गेली आणि आईनं लगेच फांदी तोडली.

शार्कची टाकी जमिनीखाली होती. उतार उतरता उतरता मुलांचा गलका मागं पडला. निळसर अंधार, ओल्या भिंती, खारट कुबट वास. कुठूनतरी पंपाची घरघर येत होती. तो शार्क काचेला लागूनच फिरत होता. तोंडाबाहेर आलेले वेडेवाकडे दात, आणि डोळा असा, की त्यात काहीच नाही.

आई काचेसमोर गुडघे टेकून बसली. कुळातल्या वाडवडिलांची नावं तिनं एकेक करून घेतली. मग हलकेच म्हणाली, "मफानुफिकिले, चल बाळा. आई न्यायला आलीय..."

तेवढ्यात वीज गेली. तसं ती रोजच जायची. पण पंप थांबला आणि एवढी शांतता झाली, की किनिसिलेला स्वतःचा श्वास मोठा वाटू लागला. त्या काळोखात काचेवर टकटक झाली. आतून. सावकाश, दोनदा.

दिवे लागले तेव्हा शार्क टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला, तळाशी अंग चोरून पडला होता. आई उभी होती. फांदी तिनं दोन्ही हातांनी धरली होती, आणि तरीही तिचं टोक जडावून जमिनीकडं झुकत होतं.

आला, किनिसिलेला वाटलं. भीतीनं आणि आनंदानं तिला रडू फुटलं.

परतीच्या टॅक्सीत त्यांनी तीन जागा घेतल्या. मधली त्याची. किनिसिले त्या बाजूनं गारठून गेली, पण सरकली नाही, भाऊच तो. घराजवळ, इनांडाच्या चढावर त्या उतरू लागल्या, तशी चालकानं आरशात पाहिलं.

"ताई, म्हाताऱ्याला हात दे. पाय कापताहेत त्याचे."

"कुठला म्हातारा?"

त्यानं पुन्हा आरशात पाहिलं. मग मागं न वळताच त्यानं गाडी हाणली.

आई पुढं निघाली होती. फाटक ओलांडून ती पूर्वजांच्या गोल घराकडं चालली होती. एकदा का आतल्या भिंतीशी फांदी टेकवली, की आलेला तो घरचा झाला. किनिसिले धावत सुटली आणि उंबऱ्यापाशी तिनं आईची शाल धरली.

"आई, आत नेऊ नकोस. हा आपला नाही."

घरात पाऊल टाकण्याआधी आईनं बोलायला नको होतं. पण ती बोलली, इतक्या हळू, की फांदीलासुद्धा ऐकू जाऊ नये.

"मला काचेपाशीच कळलं, पोरी. मी सोडून देत होते... तोच माझा हात सोडत नाही."

किनिसिलेनं खाली पाहिलं. आईच्या मनगटावर चार ओले खळगे पडले होते, बोटांएवढे. ती पाहत असतानाच ते आणखी खोल गेले, आणि आईचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं.