हजेरीतलं शेवटचं नाव

बसा असे, भिंतीला टेकून. दिवे आता इतक्यात यायचे नाहीत. घाटाकडून वारा सुटला की आमच्याकडे अंधार, हे ठरलेलंच. कंदील आहे, तेवढ्यात भागेल. मघाशी तुम्ही त्या खिळ्याबद्दल विचारलंत, एवढा जाड खिळा रिकामा का ठेवलाय म्हणून. त्याला माझी सायकल टांगलेली असायची.

सायकल म्हणजे माझं पोट होतं. पहाटे महाडच्या बेकरीतून पाव उचलायचे, कॅरियरवर पत्र्याची पेटी बांधायची आणि वाटेतली गावं करत पोलादपूर गाठायचं. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो, पाव पोचलाच पाहिजे. त्यामुळे माझे पाय असे झाले होते की लोक म्हणायचे, सोमाला घाटात सोडला तर एस.टी.ला मागे टाकील. मलाही ते खरं वाटायचं. बाविसाव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल काहीही खरं वाटतं.

त्र्याहत्तर साली महाडच्या एका व्यायामशाळेने सायकलची शर्यत काढली. महाडहून पोलादपूर, तिथून आंबेनळी घाटाला लागायचं, अर्धा घाट चढून चौदा किलोमीटरच्या दगडापाशी मनगटावर शिक्का मारून घ्यायचा आणि परत महाड. गिअरबिअर कुणाच्या स्वप्नातही नव्हते. दुधाच्या, टपालाच्या, भाड्याने आणलेल्या अशा सगळ्या काळ्या दांडीच्या सायकली. पहिलं नाव मी दिलं, दुसरं मुरारीने.

मुरारी माझा शाळेपासूनचा. एकाच सायकलवर दोघं शाळेत जायचो. मी पायडल मारायला, तो कॅरियरवर, माझ्या कमरेला धरून. त्याला उशीर झाला की हजेरी मी द्यायचो, मला झाला की तो. आवाज बदलून 'हजर' म्हणण्यात आमचा हात कुणी धरला नसता. पुढे त्याने स्वतःची सायकल घेतली, तीही जुनी, सैल चेनची. त्याची आई, राहीबाई, त्या चेनला घरातलं खोबरेल तेल घालायची. तो जवळून गेला तरी वास यायचा. आम्ही त्याला चिडवायचो, तुझ्या सायकलीची वेणी कोण घालतं रे?

त्या शर्यतीतून मुरारी परत आला नाही.

सायकल सापडली. घाटात, नऊ किलोमीटरच्या दगडापाशी, कठड्याला नीट टेकवून ठेवलेली, चेन खाली लोंबत. तो नाही. आठ दिवस लोक दोर लावून दरीत उतरत होते, पण त्याची चप्पलसुद्धा मिळाली नाही. मला सगळे विचारायचे, तुला शेवटचा कुठे दिसला? मी सांगायचो, माझ्या बराच मागे होता, मला काय ठाऊक.

मंजुळा आत आहे, म्हणून हळू बोलतो. बायको असून तिलाही हे मी सांगितलेलं नाही. मुरारी माझ्या मागे दहा हातांवर होता. परतीच्या उतारावर, नवाच्या दगडापाशी, त्याने हाक मारली, "सोमा, थांब रे! चेन पडली!" चेन बसवायला दोन मिनिटं लागतात. मला पहिला यायचं होतं. मी मान वळवली नाही.

आलो तिसरा.

दुसऱ्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या रविवारी, पुन्हा शर्यत ठरली. मुरारीच्या प्रकारानंतर व्यायामशाळेने एक नियम केला. निघताना हजेरी घ्यायची आणि आल्यावर पुन्हा घ्यायची. जितके गेले तितके आल्याशिवाय निकाल लावायचा नाही. हजेरीला महिपती मास्तर. शाळेतले आमचे तेच मास्तर, तोच खणखणीत आवाज. तेवीस नावं वाचून त्यांनी वही मिटली, तेवढ्यात गर्दीतून राहीबाई पुढे आली.

"मास्तर, माज्या मुरारीचं नाव घ्या."

मास्तर गडबडले. "राहीबाई, अहो, तो आता..."

"गेल्या वर्षी तुमी हजेरी घेतली नाय. नाव घेतलं असतं तर आला असता तो. घ्या नाव."

मास्तरांनी वही उघडली, शेवटी नाव लिहिलं आणि हळूच वाचलं, "मुरारी."

राहीबाई एकेका तोंडाकडे बघत होती. ती माझ्यापर्यंत आली तेव्हा मला ते सोसवेना. आणि तोंडातून जुन्या सवयीने, त्याच्याच आवाजात, निघून गेलं, "हजर."

राहीबाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मास्तरांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण वहीत खूण केली. चोवीस.

पोलादपूरपर्यंत सगळं ठीक होतं. घाटाला लागलो आणि धुकं आलं. दसऱ्यानंतर सकाळी घाटात धुकं असतंच, त्यात नवल नाही. पण ते इतकं दाट होतं की हँडलवरची माझीच बोटं मला पुसट दिसायला लागली. ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा वास. पुढच्यांच्या घंटा आधी ऐकू येत होत्या, मग त्याही थांबल्या. राहिला माझा श्वास आणि चेनची करकर.

अकराव्या दगडानंतर मला खोबरेल तेलाचा वास आला.

मी मागे बघितलं नाही. पायडल जोरात मारलं. चढ वाढत होता, पण सायकल चढापेक्षा जास्त जड लागत होती. पाव भरलेली पेटी ओढताना माझे पाय ते ओझं ओळखायचे. हे ओझंही पायांनी ओळखलं. एका बाजूला किंचित कललेलं. मुरारी कॅरियरवर असाच एका कुल्ल्यावर बसायचा.

चौदाच्या दगडापाशी गोमाजी होता. रस्त्यावर खडी फोडणारा म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू, डोक्यावर घोंगडी. माणूस दिसला म्हणून मला रडू यायचं तेवढं राहिलं. त्याने चाचपून माझा हात धरला, मनगटावर जांभळा शिक्का मारला. मग शिक्का पुन्हा शाईत दाबला आणि हात माझ्या मागे नेला.

"दोगं एकदम आलाव, बरं झालं," तो म्हणाला. "माजी येरझार वाचली."

"गोमाजी... मागे कोण आहे?"

"मला काय दिसतंय?" त्याने घोंगडीला हात पुसला. "पन पोराचा हात लय गार पडलाय रे. पांघरून दे कायतरी."

मी सायकल फिरवली आणि उतारावर सोडली. उताराला पायडल मारावं लागत नाही. तेरा, बारा, अकरा, दहा. धुक्यातून दगड पांढरे दिसायचे आणि मागे जायचे. नऊ. नवाच्या दगडापाशी खटकन आवाज झाला आणि माझी चेन पडली.

पडू दे म्हटलं, उतार आहे. तशीच सोडली. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, चाकं भिरभिरत होती, कानात वारा. समोर दगड आला.

नऊ.

मला वाटलं, नीट वाचलं नसेल. पुन्हा वळण, पुन्हा उतार. डाव्या हाताला तोच कठडा, त्याचा तोच तुटका कोपरा. नऊ. किती वेळा गेलो असेन? सातव्यांदा मी ब्रेक मारला, उतरलो, सायकल हाताने ढकलत धावायला लागलो. धावताना मोठ्याने पावलं मोजत होतो, शंभर, दोनशे, चारशे. रस्ता खाली जात होता, माझ्या पोटऱ्यांना उतार कळत होता, आणि समोरून पुन्हा तोच दगड वर यावा तसा येत होता. ओरडलो तर आवाज धुक्यात जागच्या जागी विरला. बाहेर कुठेतरी महाड होतं, बेकरी होती, लोक चहा पीत होते. मी मात्र एका दगडापाशी कोंडला गेलो होतो आणि तिथून कुठल्याही बाजूने वाट नव्हती.

शेवटी दगडापाशी बसलो. चेन हातात घेतली. दात्यांवर बसवली, पायडल फिरवलं, निसटली. पुन्हा बसवली, पुन्हा निसटली. बोटं काळी झाली, सोलली. आणि चेनवर तेल होतं. खोबरेल. मी माझ्या चेनला ते कधी घातलं नव्हतं.

कॅरियरची स्प्रिंग करकरली.

"सोमा..." मागून, अगदी कानाशी. "ऐकलं नव्हतंस काय रे?"

वर्षभर सगळ्या गावाला जे सांगितलं तेच सांगायचं होतं. पण तिथे कुणाला सांगणार?

"ऐकलं होतं," मी म्हणालो. "ऐकलं होतं रे, मुरारी. थांबलो नाही."

धुक्यातून कठड्यावर पाणी ठिबकत होतं.

"मग आता ने. हजर म्हनलास ना?"

चेन माझ्या हातात होती. ती आपोआप दात्यांवर सरकली आणि बसली. मी सायकलवर चढलो तेव्हा माझ्या कमरेला दोन हात पडले. शाळेत जाताना पडायचे तसेच. फक्त त्यांना वजन होतं आणि ऊब नव्हती. पुढचा दगड आठचा होता.

महाडात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. माझी वाट बघून लोक कंटाळले होते. भागोजी नावाचा दूधवाला तासाभरापूर्वीच पहिला आला होता, पण हजेरीशिवाय निकाल नव्हता. लख्ख ऊन पडलेलं, शंभर माणसं भोवती, आणि माझ्या कमरेवरचे ते हात तसेच. मी उतरलो तरी ते सुटले नाहीत.

मास्तर नावं वाचायला लागले. माझं आलं, मी हजर म्हणालो. मग शेवटचं.

"मुरारी."

मानेवर गार श्वास आला. तो वाट बघत होता. मी बोललो असतो तर सगळं संपलं असतं की कायमचं माझ्यामागे लागलं असतं, देव जाणे. मी एवढंच जाणलं की आता हजर म्हटलं तर हे हात जन्मात सुटायचे नाहीत. ज्याला मी एकदा टाकून आलो होतो, त्याला शंभर माणसांसमोर दुसऱ्यांदा टाकलं. ओठ आवळून गप्प उभा राहिलो.

मास्तर वहीत फुली मारणार, तेवढ्यात राहीबाई आली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या कॅरियरकडे बघत होती.

"हजर हाय, मास्तर," ती म्हणाली. तिने कॅरियरवर हात ठेवला. "उतर रे बाबा. दमलास. चल घरी."

स्प्रिंग करकरली आणि वर आली. माझ्या कमरेवरचे हात सुटले. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. ती रस्त्याने गेली ती एक कोपर अंगापासून थोडं लांब धरून, कुणाचा तरी दंड धरल्यासारखी.

त्यानंतर मी शर्यतीत उतरलो नाही. पाव मात्र पोचवत राहिलो. राहीबाईच्या दारात सायकल थांबवायची हिंमत नव्हती, तीच रस्त्यावर यायची. आधी एक पाव घ्यायची. त्या रविवारपासून दोन. चौदा वर्षं रोज दोन. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. फक्त तिची तब्येत उतरत गेली आणि भर उन्हाळ्यातही ती गोधडी गुंडाळून असायची. विचारलं तर म्हणायची, घरात गारठा लय हाय.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. आदल्या दिवशी तिने मला बोलावलं. घरात शिरलो तर आत नवाच्या दगडापाशी होता तोच ओला वास. तिने माझं मनगट धरलं.

"सोमा, माज्यामागं त्याचं हजर कोन म्हननार रे?"

मी खाली बघत राहिलो. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग हात सोडला.

तिच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठलो, तर खिळ्याला टांगलेल्या सायकलची चेन पडलेली. बसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलेली. पंधरा दिवस मी ती रोज बसवत होतो. मग भंगारवाल्याला बोलावलं आणि सायकल देऊन टाकली. त्याच्यासमोर चाकं काढायला लावली, दांडी कापायला लावली. तेव्हापासून तो खिळा रिकामा आहे.

कंदील जरा इकडे घ्या, माझे हात बघा. नाही, हे काळं धुवून जात नाही. मंजुळा सांगते, रात्रभर तुम्ही कूससुद्धा बदलत नाही, मेल्यासारखे पडलेले असता. पण रोज पहाटे मी उठतो तेव्हा दाही बोटं चेनच्या वंगणाने काळी झालेली असतात, आणि त्यांना खोबरेल तेलाचा वास येतो.