वेणी शिकलेला हात

बार्शीत रोज सकाळी सव्वासहाला भगवंत कोळेकर आपल्या लेकीच्या दोन वेण्या घालत असे. बायको नर्स, तिची ड्यूटी सहाला सुरू व्हायची, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं होतं. भगवंतचा उजवा हात सहा वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेला. त्याच्या जागी आलेला हात यंत्राचा होता. दंडावरचा पट्टा मज्जातंतूंचे संदेश टिपायचा आणि बिनतारी बोटांकडे पाठवायचा. पुन्हा पुन्हा केलेली हालचाल हात आपल्या सवयकोशात साठवून ठेवायचा आणि मग न सांगता करायचा. वेणी त्या कोशात जायला आठ महिने लागले. त्यातले पहिले दोन महिने शर्वरी रोज रडत शाळेत गेली, हेही खरं.

आता मात्र ती बोटं मानेमागे चालू लागली की दहा वर्षांची शर्वरी डोळे मिटून पेंगायची. भगवंतला दिवसातली ही दहा मिनिटं फार आवडायची. तेवढा वेळ त्याला गेलेल्या हाताची आठवण येत नसे.

शनिवारी शाळा सुटल्यावर बापलेक स्टँडाजवळच्या नसरीन आतारच्या दुकानात गेले. ती कृत्रिम हातपाय दुरुस्त करायची. भगवंतला फक्त अंगठ्याचं रबर बदलून हवं होतं. नसरीननं सवयीप्रमाणे हात पडद्याला जोडला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“भगवंतभाऊ, सुरक्षेचं अपडेट अकरा वेळा पुढं ढकललंय तुम्ही?”

“मी? मला तर हल्ली एकबी नोटीस दिसली न्हाई.”

नसरीननं सवयकोश उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. सुरुवातीला तीन-चार वेळा भगवंतनंच ह्या हाताच्या बोटानं डाव्या मनगटावरच्या, हाताच्या सूचना दाखवणाऱ्या घड्याळात ‘नंतर’ दाबलं होतं. हात तेही शिकला. त्यानंतर सूचना उमटली रे उमटली की त्याच्या नकळत बोट जाऊन ती मिटवत होतं. शर्वरीला हसू आवरेना.

नसरीन हसली नाही. “पट्टा आणि बोटं यांच्यातला दुवा जुना झालाय. बाहेरचा माणूस त्यात शिरू शकतो.”

“मग बिनतारी बंदच करा की.”

“पट्ट्याचा निरोप बोटाला कसा जाईल मग? भोक त्यातच हाय. नवी प्रणाली ते बुजवती, पण तिला जुना सवयकोश चालत न्हाई. पेला धरणं, सही करणं, स्कूटर चालवणं, असलं कंपनीनं तपासलेलं तेवढं राहील. वेणी त्यांच्या यादीत न्हाई. आणि एकदा नवं टाकलं की मागं फिरता येत न्हाई.”

“तर मग राहू द्या,” भगवंत म्हणाला. “बार्शीत माझ्या हातावर कोण टपून बसलंय?”

नसरीननं डब्यातला पेरू काढून त्याच्या यंत्राच्या तळहातावर ठेवला. “दाखवू? तुम्हाला विचारून करतेय, ध्यानात ठेवा.” त्यानं मान हलवली. ती दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि मोबाइलवर काहीतरी केलं. बोटं मिटली. पेरूचा लगदा टेबलावर पडला. भगवंतनं मूठ उघडायला जिवाचा आटापिटा केला, पण नसरीननं सोडली तेव्हाच ती सुटली.

शर्वरीचं हसणं थांबलं होतं. तिनं नकळत स्वतःच्या मानेवर हात ठेवला. भगवंतनं ते पाहिलं.

“टाका नवं,” तो म्हणाला.

सोमवारी सकाळी शर्वरी नेहमीसारखी त्याच्यापुढे पाठमोरी बसली. हात पुढे गेला आणि तिच्या मानेपासून वीतभर अंतरावर आपोआप थांबला. घड्याळातून आवाज आला, “मानेजवळचे काम. समोरच्या व्यक्तीची संमती हवी. व्यक्ती लहान असल्यास पालकाने ‘हो’ म्हणावे.”

पालक तोच होता. एक ‘हो’ म्हटलं की हात पुढे गेला असता, वेणी पहिल्यापासून शिकायला. पण त्यानं हात मागे घेतला.

“शरू, भ्या वाटतंय का गं ह्या हाताचं?”

ती पाठमोरीच म्हणाली, “थोडं.”

भगवंतच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत हे त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. “मग राहू दे, बाळा. आज केसांना नुसतं रबर लावून जा. शाळेतल्या बाईंना मी सांगतो.”

ती उठली नाही. तिनं स्वतःच केसांचे तीन पेड केले, हात मागे नेऊन मधला पेड मुठीत धरला आणि कडेचे दोन त्याच्यासाठी मोकळे सोडले.

“हो म्हणा, पप्पा. पण मी सोड म्हटलं की लगेच सोडायचं. वेणी यायची तेव्हा येईल, आधी या हाताला तेवढं सोडायला शिकवू. शिकेल ना तो?”