आप्पांची साक्ष

सकाळची कामं आवरली की हेमलताबाई नवऱ्याशी बोलायला बसत. जयसिंगरावांना, मुलांच्या आप्पांना, जाऊन वर्ष झालं होतं. बोलत होती ती त्यांची स्मरणपेटी. कऱ्हाडात आता बऱ्याच घरांत ती असे. जिवंतपणी माणसाच्या कानामागे एक मणी लावायचा. त्याचं बोलणं, आठवणी, राग-लोभ सगळं साठत जाई आणि तो गेल्यावर पेटी त्याच्याच आवाजात उत्तरं देई. गेलेल्या माणसालाही भांडणात ओढायची सोय झाली, दुसरं काय!

जयसिंगराव हयातीत बायकोचं फारसं ऐकून घेत नसत. पेटी मात्र ऐकायची. बाईंनी उभ्या संसारात गिळलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं.

स्वकष्टाचं घर आणि पेठेतलं दुकान जयसिंगरावांनी मृत्युपत्राने मुलाला, रणजितला दिलं होतं. पुढे कटकट नको म्हणून रणजितने धाकट्या बहिणीकडे, मृणालकडे, हक्कसोडपत्रावर सहीही मागितली. भावाला सही द्यायची आणि माहेर टिकवायचं, ही आपल्याकडची रीतच. मृणाल नवऱ्यापासून वेगळी झालेली, लेकीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहणारी. तिने सही दिली नाही. दादाने आप्पांवर दबाव आणला, पेटीलाच विचारा, म्हणत ती कोर्टात गेली. भावाबहिणीचं बोलणं तुटलं आणि मधल्यामध्ये आई पिचून गेली.

कोर्टात पेटी टेबलावर ठेवली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुमची खरी इच्छा काय होती? आप्पांचा आवाज ऐकताच मृणालच्या डोळ्यांना धार लागली.

"मृणालला अर्धं द्या. तिची सही घेऊ नका. मीही भावाला हक्कसोड लिहून दिली होती. त्यानंतर माहेरी मला पाहुण्यासारखं बसवलं."

रणजितने मान वर केली. आप्पांना भाऊ नव्हताच. त्याने आईकडे पाहिलं, तर तिची मान खाली.

कोर्टाने बोलावलेल्या पेटीच्या तज्ज्ञाने मग उलगडा केला. पेटी बोलणाऱ्याकडूनही शिकत जाते, म्हणून माणूस गेला त्याच दिवशी ती शिकायची बंद करायची असते. पण नुकतंच कुंकू पुसलेल्या बाईपुढून नवऱ्याचा आवाज उचलून न्यायला कोण धजणार? घरोघरी हीच चूक होते. या पेटीत आता जयसिंगराव थोडेच उरले होते. बाकीच्या हेमलताबाईच होत्या.

म्हणजे वर्षभर आपण आपलीच समजूत काढत होतो, हे बाईंना कळलं.

मृणालने हळूच विचारलं, "आई, कधी बोलली नाहीस?"

"त्यांना सांगितलं होतं, मी भावाला सही दिली त्याच वर्षी. रीत आहे म्हणाले, आणि जेवायला बसले."

न्यायाधीशबाईंनी सांगितलं, मृत्यूच्या दिवशीची मूळ नोंद परत आणता येईल. मग हे वर्ष पेटीतून कायमचं पुसलं जाईल. नोंद आणली नाही, तर मृत्युपत्र आहे तसंच राहील. संमती हेमलताबाईंची हवी.

मूळचे जयसिंगराव काय म्हणतील, हे बाईंना ठाऊक होतं. निदान तसं वाटत तरी होतं. ऐकून घेणारा नवरा त्यांना या एका वर्षातच मिळाला होता. त्यांनी मृणालकडे पाहिलं आणि संमतीचा अंगठा टेकवला.

तज्ज्ञाने पेटीत मूळ नोंद परत आणली. मग घसा खाकरल्याचा आवाज आला, जुना, करडा. कुणी प्रश्न विचारायच्या आत हेमलताबाई पुढे वाकल्या.

"अहो, मी हेमा. मृणालबद्दल बोलायचंय. या वेळी तरी ऐकाल का?"