चौथी आठवण

बसा. पंखा जरा कुरकुरतो, पण राहू द्या. शांत खोलीत हल्ली मला बोलवत नाही.

काम तसं साधंच होतं. मी नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो आणि माझ्या संशोधनाचा विषय होता खोटे कबुलीजबाब. न केलेला गुन्हा माणूस ‘मीच केला’ असं का म्हणतो? मार खाऊन म्हणतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मला दाखवायचं होतं की बोटही न लावता, चहा पाजून, गोड बोलून ते म्हणवून घेता येतं. पद्धत सोपी आहे. माणसाच्या घरच्यांकडून त्याच्या आयुष्यातल्या तीन खऱ्या घटना विचारून घ्यायच्या. त्यात आपली एक खोटी मिसळायची. मग चारही त्याच्यापुढे ठेवून सांगायचं, हे सगळं तुमच्याच माणसांकडून कळलंय, डोळे मिटा आणि आठवून बघा. तिसऱ्या बैठकीपर्यंत बऱ्याच जणांना चौथीही आठवते. शेवटी खरं काय ते सांगून त्यांना मोकळं करायचं, असा नियम आहे. नियम मला तोंडपाठ होता.

दिवाळी उलटून गेली होती, धान कापून झालं होतं. लाखांदूरहून एसटीनं पुढे गेलं की तलावाकाठी ढिवरांचं एक गाव लागतं. तिथल्या मच्छीमार संस्थेची खोली मी बैठकांसाठी मागून घेतली. कोपऱ्यात ओल्या जाळ्यांचा ढीग होता, आणि खिडकीतून शिंगाड्याच्या वेलींचा कुजका वास यायचा. तो वास माझ्या शर्टातून धुतला तरी जात नसे.

मंगरू तिथंच भेटला. पंचावन्नचा असेल, अंगानं काटक, बोलायला हळू. तालुक्यात कोणी बुडालं की पोलीस त्यालाच बोलावत. अकरा प्रेतं काढली होती त्यानं. कशी काढतोस म्हणून मी सहज विचारलं.

“नाव घेऊन हाक द्या लागते, साहेब. मंग बुडी मारायची. बिननावाचं पानी देत नाही.”

मी वहीच्या कडेला ‘लोकसमजूत’ असं लिहिलं आणि पुढे गेलो.

त्याच्या बायकोनं, सखाबाईनं, मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. लग्नात मांडव पडला ती, बैल मेला ती, पुरात डोंगा वाहून गेला ती. चौथी मी माझ्या टेबलावर बसून रचली. तीस वर्षांपूर्वी एका दुपारी मंगरू तलावाच्या तुडुमापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी दारापाशी होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत आठ वर्षांची एक मुलगी बुडाली. अंगात हिरवा फ्रॉक. नावही दिलं, रंजू. नाव असलं की आठवण लवकर रुजते.

पहिल्या बैठकीत तो म्हणाला, “मले नाही आठवत जी.” दुसऱ्या बैठकीत बराच वेळ डोळे मिटून बसला आणि म्हणाला की तिच्या दोन वेण्या होत्या, एकीचीच फीत सुटली होती. हे मी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या बैठकीत मी विचारायच्या आधीच त्यानं सुरुवात केली.

“माहे शिंगाडे तोडून राहिली होती. मी बोंबललो. आयकली नाही... मीच ढकललो तिले, साहेब. वर नाही आली.”

तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरून बाहेर गेलो. तीन बैठकांत खुनाची कबुली! लाखांदूरच्या स्टँडवर येऊन मी तर्री-पोह्याच्या दोन प्लेटी खाल्ल्या.

मागच्या एसटीनं सखाबाई तिथं आली. अनवाणीच, स्टँडभर मला शोधत आलेली.

“साहेब, मी त तीनच गोष्टी सांगतल्या. हे चवथी कोनं सांगतली?”

“ते आत्ता सांगता येत नाही, बाई.”

“तो जेवत नाही जी. दिवसभर पान्याकडं पाहात रायते. तुमी एक डाव म्हना ना त्याले, हे खरं नाही म्हनून. तुमचं आयकन तो.”

एक वाक्य बोलायचं होतं. पण पेरलेली आठवण पंधरा दिवसांनी किती घट्ट बसते, ते मला मोजायचं होतं. आधीच सांगून टाकलं असतं तर हाती धुपाटणंही राहिलं नसतं. मी म्हणालो, “पंधरा दिवसांनी येतो, तेव्हा सांगतो. तोवर तुम्हीही त्याला काही बोलू नका, नाहीतर सगळं बिघडेल.” बाईनं मान हलवली. शिकलेल्या माणसावर तिचा विश्वास होता.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा भर दुपार होती. तलावाच्या पाळीवर, बांधावर, सखाबाई एकटी बसली होती. मंगरू तुडुमापाशी छातीभर पाण्यात उभा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला होता. तो हाक मारत होता, घरातलं लेकरू झोपेतून उठवावं तशी, हळू.

“रंजू... ओ रंजू... चाल माय, घरी चाल...”

मला तेव्हा प्रथम भीती वाटली. त्या पाण्यावर पार पलीकडच्या काठापर्यंत एकही पाखरू नव्हतं. मी काठावरून ओरडून सांगितलं. मंगरू, अशी कोणी मुलगी नव्हती. मी रचली ती. नाव, वय, फ्रॉक, सगळं माझ्या डोक्यातलं आहे. तू काही केलेलं नाहीस.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच आजारी आहे आणि तो भेटायला आला आहे.

“तुमाले माहं वाईट वाटून राहिलं, साहेब. म्हनून म्हनता.”

आणि त्यानं बुडी मारली.

तो फार वेळ आत होता. सखाबाई उभी राहिली. मी घड्याळ बघत होतो, सवयीनं. मग तो वर आला आणि त्याच्या दोन्ही हातांत चिखलाचा एक गोळा होता. काठावर बसून तो गोळा धुऊ लागला, मासा धुतात तसा, सावकाश. आधी कापड दिसलं. चिखल गेला तसा त्याचा रंग दिसला. मी तिथं बघायचं थांबलो. हाडं किती लहान होती ते मला नंतर पोलिसांच्या कागदात वाचावं लागलं.

ठाणेदार हुशार माणूस. त्यानं मंगरूचा जबाब घेतला, माझी वही चाळली, आणि संध्याकाळी मला समोर बसवलं.

“सर, एक समजत नाही. जागा, नाव, वय, कपड्याचा रंग. हे तुमच्या वहीत पहिल्या बैठकीच्या आधीच्या तारखेला आहे. जे फक्त करणाऱ्याला माहीत असतं, ते तुमच्याजवळ आधीच कुठून आलं?”

हा प्रश्न कसा विचारायचा, हे मी स्वतः पोलिसांच्या शिबिरात शिकवत आलो आहे. दाराशी सखाबाई उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, अजून भरवशानं. मी रचलं म्हणालो असतो तर संशयाची सुई माझ्याकडे वळली असती. वाक्य अगदी सहज आलं.

“मंगरूनंच सांगितलं. वही सुरू करायच्या आधी. आणि त्याच्या बायकोनंही चौथी गोष्ट म्हणून तेच सांगितलं होतं.”

सखाबाई आत आली. “मी त तीनच सांगतल्या ना, साहेब?”

“चार सांगितल्या, बाई. तुम्हाला आठवत नसेल. डोळे मिटून बघा जरा.”

तिनं खरंच डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, “असन... सांगतली असन मी.” आणि तिनं कागदावर अंगठा दिला.

मंगरू तुरुंगात गेला. मला डॉक्टरेट मिळाली. त्या मुलीचं कोणी आलं नाही. तीस वर्षांच्या नोंदींत त्या भागातलं एकही पोर हरवलेलं निघालं नाही.

इथवर तरी मी रात्री झोपत होतो. पण अशा गोष्टी मी एकूण पाच रचल्या होत्या. वापरली एकच. उरलेल्या चारांचा कागद माझ्या कपाटात कुलपात होता, जिवंत माणसाला दाखवला नव्हता. गेल्या मंगळवारी ठाणेदाराचा फोन आला. तुमसरकडच्या जंगलात एका बंद खाणीत एक मुलगा सापडला. अंगात निळा सदरा. जागा मंगरूनं तुरुंगातून सांगितली, नावासकट. हाही मीच मारला म्हणतो.

माझ्या कागदावरची दुसरी गोष्ट. शब्द न् शब्द.

“सर, तुम्हाला काही बोलला होता का तो याबद्दल?” त्याचा आवाज मऊ होता. त्याला बहुतेक मला संधी द्यायची होती.

“हो,” मी म्हणालो. “बोलला होता.”

“अजून चार आहेत म्हणतो.”

“तीन,” माझ्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “मीही आधी तीनच ऐकलं होतं. पुन्हा विचारलं तर म्हणतो, चवथं अजून व्हायचं आहे. साहेबाईले विचारा, त्याईले सुचलं नसन अजून.”

कपाटातला कागद मी जाळला. पेन घरात ठेवत नाही. पण सुचणं कुठं कुलपात ठेवता येतं? आज सकाळी चहा घेताना एक पिवळी ओढणी सुचली. नुसती ओढणी, बाकी काही नाही. पुढचं सुचू नये म्हणून तुमच्याशी बोलत बसलोय.

उठू नका इतक्यात.