लेन्सचं झाकण

रविकांत यंत्रावर कधी रागावत नसे. यंत्र बनवणाऱ्यावर रागावे. चौतीस वर्षं त्याने संरक्षण खात्याच्या कारखान्यात दुर्बिणी जुळवल्या होत्या. आता चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये, खिडकीपाशी, तो लोकांचे जुने रोलचे कॅमेरे दुरुस्त करत बसे. त्या मंगळवारी पुढ्यात आलेल्या कॅमेऱ्याच्या कर्त्याचा तर त्याने सकाळपासून उद्धार चालवला होता.

"रोल गुंडाळायची कळ आणि मागचं दार उघडायची कळ शेजारी शेजारी. बोट घसरलं की सगळा रोल उन्हात. शेवटचा फोटो काढल्याशिवाय रोल सुटणार नाही. आणि बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. लेन्सवर झाकण असलं तरी खिडकीतून अख्खं जग दिसतं. दिसतं सगळं डोळ्याला, पोचत नाही पोटाला. ह्याला काय कॅमेरा म्हणायचं?"

"कॅमेऱ्याशी भांडताय की त्याच्या बापाशी?" कॉफी ठेवत त्याची बायको जयवंती म्हणाली.

कॅमेरा तळमजल्यावरच्या राजसबाईंचा होता. जुन्या तंजावरी मराठी घरातल्या ह्या बाई. यजमान बालाजीराव गेल्या वर्षी गेले. पन्नास वर्षं त्यांनी ह्याच कॅमेऱ्याने फोटो काढले, आणि निम्म्या वेळा झाकण तसंच ठेवून. मुलीचं बारसं काळं, बहिणीचं लग्न काळं. "झाकण," असं राजसबाई मागून म्हणत, आणि बायकोने सांगितलं एवढ्यासाठीच बालाजीराव ते काढत नसत. सदा कॅमेऱ्यामागे राहिल्याने त्यांचा स्वतःचा फोटो नव्हताच. आधार कार्डावरचा होता, पण राजसबाई तो मोजत नसत. "धरून आणलेला चोर दिसतो तो," म्हणत.

शुक्रवारी वर्षश्राद्ध होतं. समोर ठेवायला चेहरा हवा होता. शेवटच्या वर्षी एकदा राजसबाईंनी कॅमेरा हिसकावून बालाजीरावांना टिपलं होतं, आणि तो रोल अजून आत अडकलेला होता.

रविकांत दुपारी कॅमेरा घेऊन खाली गेला. "एकच फोटो उरलाय, बाई. तो काढला की रोल सुटेल. बसा तुम्ही."

राजसबाई वेताच्या खुर्चीत बसल्या. शेजारची दुसरी खुर्ची रिकामी होती. रविकांतने कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. पांढरी साडी, कपाळावर विभूतीची रेघ, मागे पितळी समई, सगळं स्वच्छ दिसलं. त्याने कळ दाबली.

"झाकण," राजसबाई म्हणाल्या.

झाकण जागच्या जागी होतं.

रविकांतच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. वर येऊन त्याने ते उपटायला घेतलं, तर निघेना. शेवटी पक्कड लावली. झाकण निघालं, पण कडेला चंद्रकोरीएवढा टवका उडाला. त्याने ते शर्टाच्या खिशात कोंबलं. ह्याबद्दल तो कुणाशी, अगदी जयवंतीशीही, बोलला नाही.

मग न्हाणीघराच्या दाराची फट कापडाने बुजवून, अंधारात, त्याने रोल धुतला आणि कपड्यांच्या दोरीवर लटकवला.

पस्तीस चौकटी काचेसारख्या कोऱ्या होत्या. राजसबाईंनी काढलेलीही. त्याही झाकण काढायला विसरल्या होत्या तर. त्याला कॅमेऱ्याच्या कर्त्याला फाडून खावंसं वाटलं. म्हातारीला आता काय सांगायचं?

छत्तिसावी चौकट कोरी नव्हती.

त्याने ती तीनदा मोजली. झाकणाआडून काढलेली, तीच. दुसऱ्या दिवशी टी. नगरच्या स्टुडिओतून तो तिची प्रिंट घेऊन आला. बसमध्ये त्याने पाकीट उघडलं नाही.

घरी येऊन त्याने प्रिंट भिंगाखाली धरली.

समई होती. राजसबाई होत्या. शेजारच्या खुर्चीत बालाजीराव होते, किंचित पुढे झुकलेले, चेहऱ्यावर चूक पकडली गेलेल्या माणसाचं हसू. उजवा हात त्यांनी कॅमेऱ्याकडे केला होता. दोन बोटांत झाकण होतं.

झाकणाच्या कडेला चंद्रकोरीएवढा टवका होता.

रविकांतने भिंग खाली ठेवलं. खिडकीतून मांबलम स्टेशनची घोषणा ऐकू येत होती, नेहमीसारखी. फोटो काढला तेव्हा झाकण अखंड होतं. पक्कड नंतर लागली. त्याने खिसा चाचपला. झाकण तिथेच होतं.

तो खाली गेला. दार उघडंच होतं.

राजसबाईंनी फोटो दोन्ही हातांनी घेतला. कितीतरी वेळ पाहिला. डोळ्यांत पाणी नव्हतं. होता तो जुना, मुरलेला राग.

"आत्ता काढलंत होय? पन्नास वर्षं घसा कोरडा केला मी."

त्या हे फोटोकडे बघून म्हणाल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या.

मग फोटो मांडीवर ठेवून त्यांनी रविकांतपुढे हात पसरला.

"झाकण द्या, रविकांतराव," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या खिशात आहे म्हणतात. मागताहेत ते."