२३१७ नंबरचा पेशंट

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर नाशिक रोडला जाऊन अंजलीला विचारा. ती बोलणार नाही, पण तिचा चेहरा बघा.

फेब्रुवारी २००६. भर दुपारची वेळ.

तिथल्या एका खाजगी हॉस्पिटलचा पेशंट नोंदवायचा प्रोग्रॅम अंजलीनेच लिहिला होता. नवा पेशंट आला की प्रोग्रॅम डेटाबेसकडून पुढचा नंबर मागून घ्यायचा. एकदा निघालेला नंबर परत कोणाला मिळत नसे. नोंद करताना मध्येच वीज गेली, तर तो नंबर वाया. त्यामुळे एखादा नंबर गळला तरी अंजली लक्ष देत नसे.

आता तर तिला वेळच नव्हता. तिची आई चांगुणाबाई चार दिवसांपासून तिथेच ॲडमिट होती. न्युमोनिया. रात्री आईजवळ, दिवसा ऑफिस. त्या दिवशी मात्र रजा घेतली होती. अंजली पार पिचून गेली होती.

सोबतीला बाकावर देवळ्याची गोजराबाई असायची. तिचा नवरा पुंजाराम हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. नाव नोंदवताना तो रांगेत अंजलीच्या अगदी पुढे होता.

"उद्या सोडणार हायेत आमच्या मालकांना," गोजराबाई हसून म्हणाली.

तेवढ्यात काउंटरवरच्या सिंधुबाईंनी अंजलीला आत बोलावलं.

"रागावू नकोस गं... पण नंबर गळतो ना, त्याच्या आधीचा पेशंट जातो. पाच गेले आतापर्यंत."

"काहीतरीच काय!"

तरी तिने पेशंटची यादी उघडली.

पाचही खरे होते...

मग तिने आईचा नंबर पाहिला. २३१६.

त्याच्या खाली... २३१८.

मधला नव्हताच.

तिने खोटं नाव घालून २३१७ भरायचा प्रयत्न केला. कॉम्प्युटरने नाकारलं. हा नंबर आधीच दिलेला आहे.

कोणाला?

शोधलं. कोणीच नाही.

पुन्हा भरलं... पुन्हा तेच उत्तर.

अंजलीला रडू फुटलं. डोकं चालेना. तिने सरळ आईची नोंद पुसली आणि आईला नव्याने नोंदवलं. २४०२.

मग श्वास रोखून बसली. पुढचा पेशंट आला.

२४०३.

एकही गळला नाही!

संध्याकाळी आईचा ताप उतरला. तिने चहा मागितला. अंजलीच्या जिवात जीव आला.

आणि पुरुषांच्या वॉर्डातून... गोजराबाईची किंकाळी.

अंजली धावत काउंटरवर गेली. यादीत २३१५ होता. पुंजाराम.

त्याच्या खालचा २३१६ आता रिकामा होता. तो तिनेच रिकामा केला होता.

२३१७ कोणाला दिला होता, ते आजतागायत कळलेलं नाही. प्रोग्रॅम बदलला, मशीन बदललं. अंजलीची झोप मात्र गेली ती गेलीच.

निघताना गोजराबाई तिच्याच गळ्यात पडून रडली.

"तुमची आई वाचली ताई," ती म्हणाली, "लय बरं झालं."