कानाचा साचा

पहिल्याच तपासणीत तिने त्याला रंगेहाथ पकडलं.

काचेच्या खोलीत तो हेडफोन लावून बसला होता. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. तो दाबत होता आणि बाहेर मशीनपाशी बसलेल्या तिच्या कपाळावर आठी चढत होती. शेवटी तिने दार उघडलं.

"मी आवाज सोडलाच नव्हता. बटण कशाला दाबलंत?"

"यायची वेळ झाली होती ना..." तो ओशाळला. "तुम्ही अगदी ठेक्यात सोडताय."

"वाजवता काय?"

"गिटार. बँडमध्ये."

"तरीच. आता बेताल सोडते, मग बघू."

बेताल सोडल्यावर खरं काय ते कळलं. डाव्या कानाचे वरचे स्वर बरेचसे गेले होते. गेलेलं परत येत नाही, हे तिने कागदाकडे न बघता त्याच्याकडे बघून सांगितलं.

बँड घरचाच होता. ताई गायची, तिची मैत्रीण व्हायोलिन वाजवायची आणि दाजी ड्रमवर. गाणी स्वतःची, गाडीही स्वतःचीच. शाळेचा हॉल म्हणू नका, कॉफीचं दुकान म्हणू नका, मिळेल तिथे वाजवून आता कुठे लोक तिकीट काढून यायला लागले होते. पहिला मोठा दौरा तोंडावर आला होता. आणि इतकी वर्षं दाजींचा ड्रम त्याच्या डाव्या हाताला.

"घरी सांगितलंत?" पुढच्या भेटीत तिने विचारलं.

"सांगितलं तर ताई दौरा रद्द करेल. नाहीतर मला घरी बसवेल."

"नाही सांगितलं तर उरलेलंही जाईल. तुमच्या कानाच्या मापाचे इअरप्लग मी करून देईन. पण ड्रम हलवायला दाजींना तुम्हीच सांगायचं."

"मला वाटलं इथे सगळी सोय आहे."

"साध्या चहाचीही नाही."

"ती समोर आहे... चला, मी पाजतो."

ती हसली नाही. पण नाहीही म्हणाली नाही.

त्यानंतर बऱ्याचदा चहा झाला. दर वेळी तिचा तोच प्रश्न, त्याचं तेच टाळणं. एकदा त्याने कार्यक्रमाला बोलावलं तर म्हणाली, "नाही येणार. गाणं ऐकू, की तुमचा कान जाताना बघू?"

हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी सरावाला त्याने सगळं सांगून टाकलं.

दाजींनी काठ्या खाली ठेवल्या. "माझ्यामुळे गेला?"

"नाही हो. मीच सरकलो नाही."

"मूर्खा," ताई म्हणाली, "गिटारवाला पाहिजे म्हणून भावाला बहिरा करू?" आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

दौरा रद्द झाला नाही. दाजींनी उठून ड्रम ओढत खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेला.

मग तो इअरप्लगसाठी कानांचा साचा द्यायला आला. तिने दोन्ही कानांत मऊ, गार लगदा भरला. "घट्ट होईपर्यंत तोंड हलवायचं नाही. हसायचंही नाही. साचा बिघडतो."

कान बंद झाले, तसा त्याला धीर आला.

"घरी सांगितलं मी." स्वतःचाच आवाज डोक्यात एवढा घुमला की त्याने तो कमी केला, आणखी कमी केला... शेवटी नुसती कुजबुज उरली. ती ऐकायला तिला जवळ वाकावं लागलं. "आता तुम्हाला सांगायचं राहिलंय. मला तुम्ही आवडता. दौऱ्यावरून परत येताना... कोणीतरी वाट बघतंय म्हटलं तर बरं वाटेल."

तिने दोन्ही साचे काढले आणि दिव्यासमोर धरून पाहिले.

"बिघडले."

"एवढंच?"

"पुन्हा करावे लागतील. बस सरळ."

या वेळी तिने डावाच कान भरला. उजवा मोकळा ठेवला आणि खुर्ची त्या बाजूला ओढून घेतली.

"आता तू गप्प बसायचंस," ती म्हणाली. "मी बोलणार आहे."

आणि ती बोलली... हळू, थांबत थांबत, अगदी त्याच्या कानाशी.

तोही साचा बिघडला.